थोरलीचे नवे आर्म

१

क्रेनने थोरलीला वाहतूक कंपनीच्या आवारात आणून सोडलं तेव्हा तिचं पुढचं डावं चाक पार आत वळलेलं होतं आणि बंपर पोटात गेला होता. थोरली हे कुणा बाईचं नाव नव्हे, छोट्या मालट्रकचं. आवारात एकाच बनावटीचे दोन ट्रक होते, एक आधी घेतलेला, एक मागाहून. ड्रायव्हर लोकांनी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे मालकाच्या तोंडीही तीच नावं बसली. आदल्या दिवशी उतारावरच्या वळणाला थोरली हातातून निसटली आणि जाऊन दगडी कठड्यावर आदळली. चालवणारा पोरगा जिवानिशी वाचला, पण त्याच्या उजव्या पायाचं हाड मोडलं.

तो पोरगा म्हणजे उस्तादचा भाचा, सख्ख्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. आणि थोरलीच्या पुढच्या चाकांचं काम मागच्याच महिन्यात केलं होतं ते खुद्द उस्तादने.

उस्ताद ही बाई होती, हे सांगून टाकलेलं बरं. बापाच्या हाताखाली गाड्या शिकली आणि बापामागे गॅरेज तिने असं चालवलं की गावातले निम्मे ट्रक तिच्याच दारात उभे असत. खांद्याने रुंद आणि जिभेने तिखट. नवं गिऱ्हाईक आलं आणि "मिस्त्री कुठे गेलेत?" असं विचारू लागलं, की ती हातातला पाना खाली ठेवून त्याच्याकडे नुसती बघायची, एवढंच.

त्या सकाळी ती आवारात आली, कुणाशी एक शब्द न बोलता थोरलीखाली शिरली आणि तशीच पडून राहिली. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवतो तो लोखंडी हात म्हणजे आर्म. त्याच्या मुळाशी रबरी बुश असतो. रस्त्याचे धक्के तो खातो, आणि तो गेला की आर्म जागा सोडतो. उस्तादने थोरलीला दोन्ही बाजूंना कोरे करकरीत आर्म घातले होते, नव्या बुशांसकट. समोर होते ते गंजके, जुनाट, बुशांची लक्तरं झालेले.

"बघितलंत ना?" मुकादम बाहेरून गरजला. आवारातल्या गाड्या सोडणं-घेणं त्याच्याकडे होतं आणि त्याचा आवाज नेहमीच गरजेपेक्षा एक पट्टी वर असायचा. नव्या मालाचं बिल लावलं आणि जुनाच माल ठेवला, स्वतःच्या भाच्याच्या जिवावर उठली ही बाई, असं तो चारचौघांत बडबडत सुटला. विमा कंपनीचे पाहणीसाहेब शेजारी उभे होते. कृश अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी फक्त सांगितलं की उद्या संध्याकाळी त्यांचा निष्कर्ष जाईल.

उस्ताद बाहेर आली. "हे आर्म मी बसवलेले नाहीत," ती म्हणाली.

"मग काय भुताने बसवले?" मुकादमाने विचारलं, आणि दोन-चार हमाल हसले.

मालक मात्र हसले नाहीत. ते भले गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होते. पांढरे कपडे, मऊ बोलणं, प्रत्येकाला ताई नाहीतर भाऊ. त्यांनी उस्तादला बाजूला नेलं आणि समजावलं की माणूस आहे, चुकतो, पोलीस वगैरे ते होऊ देणार नाहीत. "ताई, पाहणीसाहेबांपुढे एवढंच म्हणा की चूक झाली. पुढचं मी बघतो."

"चूक झाली असती तर तुमच्या आधी मीच बोंब ठोकली असती," उस्ताद म्हणाली. "झालेली नाही, तर म्हणणारही नाही. तुम्हाला काय बघायचं ते बघा."

२

तिथून ती तडक दवाखान्यात गेली. भाचा पाय टांगून पडला होता आणि त्याची आई उशाशी बसली होती. उस्ताद दारात दिसताच बहिणीने पदराने उगाच टेबल पुसायला घेतलं. लहानपणापासून रुसली की तिचं हेच. पण तेव्हा दोन तासांत रुसवा उतरायचा, आता तशी लक्षणं दिसत नव्हती.

भाच्याने मात्र मावशीचा हात धरला. तिने पहिल्यांदा पायाचं विचारलं आणि मग लगेच गाडीचं. काम झाल्यावर गाडी कशी चालत होती? अगदी लोण्यासारखी, तो म्हणाला. खड्डासुद्धा कळत नव्हता. मग मध्ये जोडून सुट्ट्या आल्या, आवार बंद होतं. सुट्टीनंतर गाडी काढली तर पहिल्याच वळणाला डावीकडून टक टक सुरू झालं. त्याने मुकादमाला सांगितलंही होतं. मुकादम म्हणाला, तुझ्या मावशीचंच काम आहे ना, मग गप चालव.

उस्ताद सावध झाली. सुट्टीआधी ठणठणीत, सुट्टीनंतर टक टक. म्हणजे जे झालं ते आवार बंद असताना झालं.

"ऐकलंस ना?" तिने बहिणीला विचारलं.

बहिणीने टेबल पुसणं थांबवलं. ती बोलली तेव्हा तिने ताई म्हटलं नाही, आणि उस्तादला सगळ्यात आधी तेच लागलं.

"मालक येऊन गेले," बहीण म्हणाली. "देवमाणूस आहे. म्हणाले, तुमच्या बहिणीच्या हातून झालं, पण मी तिला सांभाळून घेतो. तू एकदा म्हणून टाक ना, झाली चूक म्हणून. निदान मला तुझ्याकडे बघता तरी येईल. हे असं नाही नाही म्हणत उभी राहतेस, त्याचीच मला जास्त चीड येते."

आता हिला काय सांगावं? एक शब्द बोलली असती तर बहीण परत मिळाली असती. असला सोपा सौदा कुणीही केला असता. पण उस्ताद त्यातली नव्हती. तिच्या मनात आलं, खोटं बोलून मिळालेली बहीण उद्या प्रत्येक वेळी आपल्याकडे बघताना पोराचा मोडलेला पायच बघेल.

"नाही म्हणणार," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघ. मग काय तोंड फिरवायचं ते फिरव."

जिन्यावरून उतरताना मात्र तिला डोळे पुसावे लागले, आणि त्याबद्दल तिने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

३

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर थोरलीचे जुने आर्म टांगलेले होते. तिची पद्धतच तशी. काढलेला जुना माल गिऱ्हाइकाला दाखवायचा, मग तारेने जोडी बांधून भिंतीला टांगायचा आणि गाडी पुढच्या कामाला आली की मगच भंगारात टाकायचा. खडूने वर गाडीचं नावही लिहिलेलं. म्हणजे थोरलीचे जुने आर्म इथे, भिंतीवर. मग जे गंजके आर्म थोरलीखाली लटकत होते ते कुणाचे?

ती पार्टवाल्याकडे गेली. नवी जोडी तिने त्याच्याकडूनच घेतली होती, त्याला ती पक्की आठवत होती. आणि त्याला आणखी एक गोष्ट आठवली. सुट्टीच्या जरा आधी आवारातून फोन आला होता, तसलीच आणखी एक जोडी हवी म्हणून, तीही तातडीने. त्याच्याकडे नव्हती. कोण बोलत होतं? नाव काही त्याने विचारलं नाही. पण भलताच गोड बोलत होता, वाक्यागणिक भाऊ, भाऊ.

तसलीच आणखी एक जोडी. त्या बनावटीची दुसरी गाडी आवारात एकच होती. धाकटीच्या पासिंगची, त्या सरकारी तपासणीची, तारीख सुट्टीनंतर लगेच होती, आणि गाडी पास झाली म्हणून मुकादमाने पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली होती, हे तर सगळ्या आवाराला ठाऊक होतं. उस्तादच्या डोक्यात आता चित्र जुळायला लागलं. पण धाकटी फेरीवर गेली होती आणि उद्या सकाळी परतणार होती. तोवर ते सगळं नुसतं डोक्यातच.

बंद आवाराच्या किल्ल्या तिघांकडे असत. ती तिघांनाही भेटली.

मुकादमाने तिला दारातच उभं करून ऐकवलं. सुट्टीत तो घरी झोपला होता आणि गाड्यांखाली काय असतं ते बघण्याची त्याला कधी गरज पडली नाही. त्याच्या पोटाकडे बघून उस्तादला ते खरं वाटलं.

मालकांनी खुर्ची दिली, चहा दिला. सुट्टीत ते हिशेबाची कपाटं आवरत बसले होते म्हणे. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर पेरांशी खपल्या धरल्या होत्या. उस्तादची नजर तिकडे गेली तसं त्यांनी सांगितलं की कपाटाचा कप्पा अडकला होता, तो ओढताना सोललं. मग ते जुन्या आठवणींत रमले. "ताई, आज कुणाला खरं वाटणार नाही, पण मीही एके काळी गाडीखाली लोळलोय. असले आर्म तर मी डोळे मिटून चढवायचो." आणि जाता जाता पुन्हा तेच, एवढं म्हणून टाका, ताई. सगळं गोडीत मिटेल.

तिसरा डावऱ्या. डाव्या हाताने पाना चालवतो म्हणून डावऱ्या. आवाराचा फिटर, आणि त्याआधी उस्तादचा चेला. तिच्या हाताखाली तयार झाला आणि एक दिवस न सांगता आवारात नोकरीला लागला. तेव्हापासून उस्तादने त्याचं नाव टाकलं होतं. गावात तर कुजबुज सुरूच झाली होती की जुनं उट्टं काढायला हे त्यानेच केलं असणार. त्याला नवे आर्म उतरवायचे कसे ते माहीत, किल्ली त्याच्याकडे, आणि सुट्टीत कुठे होतास विचारलं तर घरी, एकटाच. बोलताना तो एकदाही वर बघेना.

उस्ताद निघाली तसा तो मागून हळूच म्हणाला, "उस्ताद, थोरलीचा तो डावा बुश नीट बघितलात का?"

तिचा पाराच चढला. मला शिकवतो, कालचा पोर. पण रागाच्या भरात का होईना, ती वळली आणि पुन्हा थोरलीखाली शिरली.

४

पाहणीसाहेब आधीच तिथे उकिडवे बसले होते, हातात बॅटरी घेऊन. त्यांनी न बोलता उजेड बुशावर धरला.

सकाळी तिने नुसतं जुनं रबर बघितलं होतं आणि संतापाने तिचं लक्षच उडालं होतं. आता तिने बोट फिरवून पाहिलं. जुन्या भेगा होत्याच, त्यांत धूळ आणि तेल घट्ट बसलेलं. पण त्यांच्यावरून आडव्या गेलेल्या काही चिरा ताज्या होत्या, आतून काळ्याभोर, धुळीचा कण नाही. आणि सगळ्या एकाच दिशेला, ओला कपडा पिळावा तशा. तिने उजवीकडचा बुश बघितला. तिकडेही तसंच.

उस्तादने फडक्याला बोट पुसलं. मग तिच्या तोंडावर जे हसू आलं ते काही फार सोज्वळ नव्हतं.

"साहेब, तुम्हाला कळलं?" तिने विचारलं.

"कसं झालं ते कळलं," पाहणीसाहेब म्हणाले. "कुणी केलं ते नाही."

"मग उद्या सकाळी धाकटी येते तेव्हा इथे असा. आणि तोवर हे दोघांतच राहू द्या. ज्याने केलं त्याला आपण काय चुकलोय हे अजून माहीतच नाही."

ती घरी गेली आणि जेवून झोपली. बहिणीकडे तिने निरोप पाठवला नाही.

५

सकाळी धाकटी आली, माल उतरवला आणि लगेच दुसऱ्या फेरीला तोंड वळवलं. थोरली पडलेली, त्यामुळे तिच्या वाटणीच्या फेऱ्याही आता धाकटीच्याच डोक्यावर. ड्रायव्हरने गाडी फाटकाशी आणली आणि बघतो तर फाटकाच्या बरोबर मध्ये उस्ताद, कमरेवर हात ठेवून उभी.

"बाजूला व्हा," मुकादम ओरडला.

"ही गाडी बाहेर जाणार नाही."

मुकादमाने शिव्या द्यायच्याच बाकी ठेवल्या. आवार कुणाचं, गाडी कुणाची, ही कोण लागून गेली. उस्ताद ढिम्म हलली नाही. तिने ड्रायव्हरला विचारलं की वळणाला काही आवाज येतो का. ड्रायव्हर मुकादमाकडे बघत चाचरत म्हणाला की कालपासून थोडं टक टक वाटतंय खरं.

"मग मला उडवून जायचं असेल तर जा," उस्ताद म्हणाली. "नाहीतर इंजिन बंद कर आणि खाली उतर. तुलाही घरी कुणी वाट बघणारं असेल."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मालक लगबगीने आले, ताई, हे बरं नाही, लोक बघतायत, असं हळू आवाजात सांगू लागले. लोक बघतच होते. हमाल, शेजारचा चहावाला, रस्त्याने जाणारे चार रिकामटेकडे. पाहणीसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले की गाडी खालून बघायला काही हरकत दिसत नाही.

पुढची बाजू जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळे लावले. उस्ताद आणि पाहणीसाहेब दोघेही खाली गेले. धाकटीच्या दोन्ही बाजूंना नवे आर्म होते, पार्टवाल्याच्या दुकानाचा शिक्का अजून पुसलेला नाही असे. हे थोरलीचे. आणि त्या नव्या कोऱ्या बुशांच्या कडा आत्ताच फाटायला लागल्या होत्या, एकाच दिशेला, पिळवटून.

पाहणीसाहेबांनी बाहेर येऊन सांगितलं की थोरलीचे नवे आर्म या गाडीला आहेत आणि या गाडीचे जुने थोरलीला. गर्दीत एकदम गलका झाला. मुकादमाचं तोंड पडलं, पण क्षणभरच. लगेच त्याने डावऱ्याकडे बोट केलं. फिटर कोण, किल्ली कुणाकडे, हिच्याशी वैर कुणाचं? सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. डावऱ्या पांढराफटक पडला. मालकांनी खेदाने मान हलवली, म्हणाले, भाऊ, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

खरं तर उस्तादचं काम इथे संपलं होतं. तिच्यावरचा आळ गेला होता, आणि ज्याच्यावर तिचा राग होता तोच अडकला होता. नुसतं गप्प बसायचं होतं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

६

तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की धाकटीचे बोल्ट सैल करून नव्याने आवळल्याशिवाय ती हलवता येणार नाही. पण तिच्या हातावर तर इथे कुणाचा भरवसा नाही. तेव्हा ती स्वतः पान्याला शिवणार नाही. ज्यांच्याकडे आवाराच्या किल्ल्या आहेत त्यांनीच आवळावं, तिच्यादेखत आणि साहेबांच्यादेखत.

मुकादम गुरगुरला की त्याला हे काम येत नाही. उस्तादने त्याला निदान खाली वाकून बोल्ट दाखवायला सांगितलं. तो गुडघ्यावर बसला, पोट बंपरला अडलं आणि तसाच धापा टाकत उठला. हमालांना हसू आवरेना.

"मालक दाखवतील," तो लाल होऊन म्हणाला. "त्यांची हयात गेली यात. बघाच म्हणावं, काम कसं करतात ते."

मालक नको नको म्हणाले. पाहणीसाहेब त्यांच्याकडे शांतपणे बघत होते. उस्ताद सहज बोलल्यासारखं म्हणाली की राहू दे, इतक्या वर्षांनी कुठलं जमतंय, पांढरे कपडे मळतील. ते मात्र मालकांना झोंबलं. त्यांनी घड्याळ काढून मुकादमाकडे दिलं, बाह्या सारल्या आणि डावीकडून आत शिरले. डावऱ्याला उस्तादने उजवी बाजू दिली.

मालकांचा हात खरंच जुना होता. बोल्ट भराभर फिरले. मग त्यांनी लांब दांड्याचा पाना लावला आणि दात आवळून शेवटचे वेढे दिले, पार करकरेपर्यंत. बाहेर येऊन रुमालाने हात पुसले.

"झालं?" उस्तादने विचारलं.

"झालं."

"पूर्ण आवळलंत?" हे पाहणीसाहेबांनी.

"पूर्ण. आता हत्तीने ओढलं तरी हलायचं नाही."

डावऱ्याही बाहेर आला होता, पण पाना हातात धरून नुसताच उभा. मुकादमाने विचारलं, काय रे, दमलास?

"गाडी खाली घ्या," डावऱ्या म्हणाला. "मी फक्त हाताने बसवलेत. चाकं जमिनीला टेकल्याशिवाय मी बुशाचा बोल्ट आवळत नाही. उस्तादने तसं शिकवलेलं नाही."

उस्तादने मालकांकडे बघितलं. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं. म्हणून तिने सगळ्यांसाठी फोड करून सांगितली. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं आणि आर्मही खाली झुकलेला असतो. तेव्हा बोल्ट आवळला की बुश त्याच झुकलेल्या जागी जखडला जातो. मग गाडी खाली आली, आर्म वर उचलला, की रबर पिळलं जातं, आणि गाडी चालो की उभी राहो, ते पिळलेलंच राहतं. मान वळवून बसलेल्या माणसाची कॉलर कुणी भिंतीला ठोकली तर तो सरळ बघताना कॉलर फाटणारच. नवा बुश काही दिवस तग धरतो. आधीच भेगाळलेला असेल तर चार वळणांत जातो. थोरलीचा गेला.

"थोरलीचे दोन आणि धाकटीचे दोन," पाहणीसाहेब म्हणाले, "चारही आर्म लोंबत्या चाकांवर आवळलेले आहेत. एकाच सवयीचा हात आहे."

मालकांचा आवाज पहिल्यांदाच मऊ राहिला नाही. "अर्धं जग असंच आवळतं," ते म्हणाले.

"अर्ध्या जगाकडे या आवाराच्या किल्ल्या नाहीत," उस्ताद म्हणाली. "तिघांकडे आहेत. एक गाडीखाली मावत नाही. दुसरा गाडी टेकवल्याशिवाय आवळत नाही. तिसऱ्याने आत्ता सगळ्यांसमोर आवळून दाखवलं. आणि कप्पा ओढताना बोटं आतून सोलतात, मालक. पेरं सोलतात ती पाना सटकल्यावर. माझी आयुष्यभर सोलली आहेत. त्या पार्टवाल्याला बोलावू का? वाक्यागणिक भाऊ म्हणणारा आवाज तो ओळखेल."

मालक लाकडी ठोकळ्यावर बसले. पांढऱ्या कपड्यांना ग्रीस लागलं होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पासिंगची तारीख डोक्यावर आली होती, ते म्हणाले, दुसरी जोडी मिळेना, आणि त्या तसल्या आर्मांवर धाकटी पास झाली नसती. चार दिवसांपुरते थोरलीचे घ्यायचे आणि पासिंग झालं की परत लावायचे. "परत लावणारच होतो, ताई. पण धाकटी फेरीवरून फेरीवर जात राहिली आणि ते राहूनच गेलं."

"अदलाबदल केलीत, ते लोभाने केलंत," उस्ताद म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचाही नव्हता. "पण पोरगा पडल्यावर? तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही दवाखान्यात गेलात, त्याच्या आईशेजारी बसलात आणि तिला सांगितलंत की हे तुझ्या बहिणीने केलं. मला चूक झाली म्हणायला लावत होतात, तेही गोडीत. आणि मला ताई म्हणू नका. तो हक्क एकीचाच आहे, आणि तुमच्यामुळे तिने तो सोडलाय."

हातातलं घड्याळ मालकांना परत द्यावं की नाही ते मुकादमाला कळेना. डावऱ्या जॅकपाशी गेला, धाकटीला हळूहळू खाली घेतलं आणि मग उजवीकडचे बोल्ट आवळले. डावीकडचे पुन्हा सैल करून तेही आवळले.

"तुला काल सगळं माहीत होतं," उस्ताद त्याला म्हणाली.

"संशय होता. नोकरी त्यांच्याकडे आहे, उस्ताद. माझी एवढंच बोलायची हिंमत झाली."

"मग नोकरी बदल. माझ्याकडे हात कमी पडतायत," ती म्हणाली आणि फाटकातून बाहेर पडली.

७

दवाखान्यात ती गेली नाही. ज्याने बिघडवलं त्याने जाऊन निस्तरावं, आपण का म्हणून दारोदार खरं सांगत फिरायचं, असं तिचं म्हणणं. पाहणीसाहेब त्या दुपारी भाच्याचा जबाब घ्यायला गेले होते एवढं तिला कळलं. दुसरा दिवस गेला. तिने गॅरेजमधल्या दोन माणसांना उगाच झापलं आणि एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर आपटून मोडला.

फाटलेल्या बुशांची आता खात्री नव्हती, म्हणून नवे बुश घालायला धाकटी तिच्याच दारात आली. गाडी कुठे न्यायची हे मालकांना कुणी विचारलंही नाही. उस्ताद खाली पडून आर्म जागेवर बसवत होती तेव्हा तिला शेजारी ओळखीच्या चपला दिसल्या. कुणीतरी स्टूल ओढून बसलं, डबा ठेवल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली नाही. त्या चपलांनी पण काही घाई केली नाही.

बोल्ट हाताने बसवून झाले तशी ती सरकत बाहेर आली आणि लांब दांड्याच्या पान्याकडे हात केला. बहीण स्टुलावर बसून पदराने पान्यांचा खोका पुसत होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

उस्तादने पाना उचलला.

"ताई," बहीण म्हणाली. आयुष्यात तिने कधी पाना हातात धरला नव्हता. "आधी गाडी खाली घे. मग आवळ."

उस्ताद तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पाना खाली ठेवला आणि जॅकचा दांडा बहिणीच्या हातात दिला.

"घे तूच," ती म्हणाली. "हळू घे."

बहिणीने दोन्ही हातांनी दांडा धरला, आणि धाकटीची चाकं जमिनीला टेकेपर्यंत उस्ताद तिच्या शेजारी उभी राहिली.